पडद्यावरची कष्टाची माणसे



या व्यासपीठावरून आजवर विद्वान माणसे बोलत आली. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते पुण्याच्या भुसार बाजारात, कारखान्यांच्या फाटकांबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. अशा माणसाला चालकांनी या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफायला बोलावले आणि वर विषय निवडण्याची मोकळीकही दिली, हा त्यांचा मोठेपणा. विषय आम्ही निवडला तो चित्रपटांचा. पत्रक वाचून आमचे एक जुने हमाल सोबती म्हणाले, "अण्णा, किमान वेतनावर बोलायचं सोडून हे सिनेमाचं खूळ कुठून काढलं?" त्यांना आम्ही म्हटले, "या आणि ऐका. किमान वेतन त्यातही आहे." ते आज पुढच्याच रांगेत बसले आहेत, तेव्हा शब्द पाळणे भाग आहे.

भोरकरांना चित्रपटाची ओळख करून देण्याचे कारण नाही. येथल्या राजवाड्यात वर्षानुवर्षे चित्रीकरणे होत आली आहेत. समोर बसलेल्यांपैकी काहींनी डोक्याला मुंडासे बांधून, हातात लाकडी भाला धरून, गर्दीतला माणूस म्हणून एखादा दिवस काढलाही असेल. सकाळी उभे राहायचे, दुपारपर्यंत तेच दृश्य पुन्हा पुन्हा करायचे आणि संध्याकाळी रोज घेऊन घरी यायचे. पुढे तो चित्रपट लागला की सारे घर पडद्याकडे डोळे लावून बसते, आणि आपण दिसतो न दिसतो तोच दृश्य संपते. जगातल्या बहुतेक चित्रपटांत कष्टकऱ्याची जागा अशीच मागच्या रांगेत असते. ज्या थोड्या चित्रपटांत तो पुढे आला, आणि ज्या नटांनी त्याला पुढे आणला, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. आम्ही समीक्षक नव्हे. आम्हाला जे दिसले आणि जे लागले, तेवढेच सांगू.

आमचे गाव वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. वडील मुंबईस परळच्या एका गिरणीत साच्यावर कामाला होते. सुट्टीवर गावी आले की लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात पाहिलेले चित्रपट ते आम्हाला सांगत. सांगत म्हणजे अंगणात करूनच दाखवीत. आम्ही स्वतः पहिला चित्रपट पाहिला तो यात्रेतल्या तंबूत, पडद्याच्या मागच्या बाजूला बसून, कारण तिकडे पैसे कमी पडत. तिकडून नायक डावखुरा दिसे आणि अक्षरे उलटी दिसत. चित्रपटातल्या अक्षरांशी आमचे वाकडे आले ते तेव्हापासून.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी रीतसर मिटला नाही. गिरण्या मात्र मिटत गेल्या. वडील गावी परत आले ते कायमचेच. आम्ही शाळा सोडून पुण्यास हमालीला आलो. पाठ तयार झाली, मग हळूहळू संघटनेचे काम अंगावर आले. वाचनाची गोडी एका ग्रंथपालांनी लावली, आणि १९९६ साली त्यांनीच आम्हाला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात नेले. केंद्र सरकारने १९६४ साली पुण्यात उभारलेली ही संस्था. तेथे परदेशी चित्रपटांचे खेळ होत. संवाद परक्या भाषेत आणि खाली इंग्रजी अक्षरे. आमचे इंग्रजी तेव्हा अडखळत चाले. एक ओळ लागते न लागते तोच दुसरी येई. दोनतीन चित्रपट आम्ही त्या अक्षरांमागे धावण्यात घालवले आणि पडद्यावरचे माणूस पाहायचे राहूनच गेले. शेवटी कंटाळून अक्षरांचा नाद सोडला आणि नटाचे हात पाहू लागलो. त्याची चाल, पाठ, मान, तो भाकरी कशी मोडतो, दारात कसा उभा राहतो, हे पाहू लागलो. तेथून आम्हाला चित्रपट कळू लागला असे म्हणायला हरकत नाही. बाजारात आम्ही तेच करीत होतो. थप्पीवरून उतरणाऱ्या माणसाची कंबर धरली आहे की नाही, हे त्याने सांगण्याआधी आम्हाला दिसत असे.

चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' हा १९३६ सालचा चित्रपट. त्यातला कारखाना आपल्याला माहीत असतो. सरकत्या पट्ट्यावरून तुकडे येतात आणि चार्ली दोन्ही हातांत पाने धरून नट आवळतो. पट्टा थांबला, जेवणाची सुट्टी झाली, तरी त्याचे हात झटके देतच राहतात. समोरून आलेल्या बाईच्या पोशाखाची बटणेही त्याला नटच वाटतात. लोक पोट धरून हसतात, आणि हसावेच. आम्हीही हसलो. पण पुढे शिरवळच्या बाजूच्या कारखान्यांतल्या कामगारांत आम्ही काम करू लागलो, तेव्हा एका जुळणी कामगाराच्या घरी जेवायला बसण्याचा योग आला. त्यांची पत्नी हसत म्हणाली, "झोपेतसुद्धा यांचा अंगठा हालतो." नवऱ्याने हात पाटाखाली लपवला. चॅप्लिनने साठ वर्षांपूर्वी दूरच्या अमेरिकेत जे पाहिले ते आमच्यासमोर पाटाखाली होते. आम्ही वेगवाढीविरुद्ध निवेदने लिहीत होतो, आकडे मांडीत होतो. तो अंगठा मात्र आमच्या एकाही निवेदनात नव्हता. पुढच्या निवेदनात तो घातला. व्यवस्थापनाने आकड्यांवर वाद घातला. अंगठ्यावर घालता आला नाही.

आता पाठीविषयी. आमच्या हमाल मंडळींबरोबर चित्रपट पाहणे हे एक शिक्षणच असते. पडद्यावरचा नायक पोते उचलू लागला की आमची रांग हसते. पोत्यात भुसा आहे की धान्य, हे त्यांना एका नजरेत कळते. जड पोते घेणारा माणूस आधी श्वास धरतो, मग गुडघा मोडतो, आणि ओझे पाठीवर आले की त्याची मान पुढे जाते. भुसा उचलणाऱ्याची मान ताठच राहते. त्यामुळे कित्येक नामांकित नट आमच्याकडे नापास झाले आहेत.

या परीक्षेत पूर्ण उतरलेला नट म्हणजे बलराज साहनी. बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन' १९५३ साली आला. मुंबईत १९५२ साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांनी एक इटालियन चित्रपट पाहिला होता. त्याचा प्रभाव या चित्रपटावर आहे. त्या इटालियन चित्रपटाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. साहनी हे शिकलेले, परदेशी राहून आलेले गृहस्थ. भूमिका होती ती जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यास येऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची. त्यांनी रिक्षा ओढण्याचा सराव केला, आणि तरीही आपल्याला हे जमणार नाही असे वाटून ते खचले. तेव्हा तेथल्याच एका उतारवयाच्या रिक्षावाल्याने चित्रपटाची कथा ऐकून, ही तर माझीच कहाणी, असे त्यांना सांगितले. त्याचीही जमीन गावी अडकलेली होती. आपण अभिनयाच्या विद्येची काळजी करतो आहोत, आणि ज्याचे दुःख मांडायचे तो तर समोर उभा आहे, हे साहनींना त्या वेळी उमगले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

हा चित्रपट आम्ही पानशेतच्या वरच्या अंगाला एका शाळेत दाखवला होता. शर्यतीचे दृश्य आले. गाडीतला बाबू जास्त पैशांची लालूच दाखवतो आणि साहनी जिवाच्या आकांताने धावू लागतात. आमची हमाल मंडळी हसली नाहीत. एकजण हलकेच म्हणाला, "ह्यानं ओढलीय रिक्षा." नटाला याहून मोठे पारितोषिक कोणते असेल ते आम्हाला माहीत नाही. शेवटी जमिनीभोवती कारखान्याचे कुंपण पडते, आणि मूठभर माती उचलण्याचीही चोरी होते. तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्याला निदान कुंपणातनं दिसती तरी. आमची पाण्याखाली हाय." पुण्याच्या नळाला पाणी यावे म्हणून ज्यांची भातखाचरे धरणात गेली, त्यांना हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या घरचे आहे. निळू फुले हे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. झाडांना पाणी घालणारा हा माणूस सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला. १९७५ साली आलेल्या 'सामना' या चित्रपटात त्यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील उभा केला. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, आणि समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव आरडाओरडा करीत नाही. तो खुर्चीत बसतो कसा ते पाहावे. कष्टकऱ्याला साहेबाची बसण्याची तऱ्हा पुरती माहीत असते, कारण तो समोर उभा असतो. माळ्याने मालकाला इतकी वर्षे पाहिले नसते, तर तो हिंदुराव तसा बसला नसता, असे आमचे मत आहे. या खलनायकाची खेड्यातल्या बायकांना इतकी भीती की त्यांना प्रत्यक्ष पाहून त्या शिव्याशाप देत, असे सांगतात. गृहस्थ मात्र जन्मभर चळवळींच्या पाठीशी उभे राहिले.

आता आमच्या स्वतःच्या जातीकडे, म्हणजे युनियनवाल्यांकडे वळतो. जगाच्या पडद्यावर आमची प्रकृती फारशी बरी नाही. एलिया कझान यांचा १९५४ सालचा 'ऑन द वॉटरफ्रंट' पाहून आम्ही संतापलो होतो. न्यूयॉर्कजवळच्या गोदीतले कामगार, त्यांच्या उरावर बसलेले युनियनचे गुंड पुढारी, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारा टेरी मलॉय. कझान यांनी स्वतः १९५२ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. तेव्हा हा चित्रपट म्हणजे साक्षीदाराने केलेले स्वतःचे समर्थन, असे पुष्कळांनी म्हटले आणि आम्हीही म्हणत होतो. पण चित्रपट पुन्हा पाहिला तो मार्लन ब्रँडोसाठी. बागेत त्या मुलीच्या हातून तिचा हातमोजा पडतो. टेरी तो उचलतो, पण परत देत नाही. बोलता बोलता आपल्याच राकट पंजावर चढवतो. तिला थांबवून ठेवण्याचे त्याला दुसरे साधन नाही. पुढे मोटारीत सख्खा भाऊ त्याच्यावर पिस्तूल रोखतो, तेव्हा ब्रँडो ते हळूच बाजूला सारतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती नसते. भावाची कीव असते. हे पाहिल्यावर आमचा राग गेला असे नाही, पण तो तपासून घ्यावा लागला. तसे पुढारी आम्ही पाहिलेलेच नाहीत काय? पाहिले आहेत. त्या चित्रपटात सकाळी मुकादम कामाचे बिल्ले जमिनीवर फेकतो आणि माणसे एकमेकांच्या अंगावर पडून ते वेचतात. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यांवर बिल्ले फेकत नाहीत, बोटाने दाखवतात, एवढाच फरक. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी आल्या त्या याच धक्काबुक्कीतून माणसाला उठवण्यासाठी.

दुसरा चित्रपट मारिओ मोनिचेल्ली यांचा, १९६३ सालचा. इटालियनमध्ये त्याचे नाव 'इ कोंपान्यी', म्हणजे सोबती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तूरीन शहरातल्या कापड गिरणीत चौदा तासांचा दिवस असतो. तेथे एक फाटका मास्तर येतो आणि संप उभा करतो. हे काम मार्चेल्लो मास्त्रोयान्नी या देखण्या नटाने केले आहे. सभा संपते, माणसे निघून जातात, आणि कोणी तरी विसरलेला पावाचा तुकडा मास्तरला दिसतो. दिवसभराचा उपाशी माणूस तो हातात घेतो, तोच मालक परत येतो आणि मास्तर तो गुपचूप देऊन टाकतो. संघटकाची भूक पडद्यावर इतकी खरी आम्ही दुसरीकडे पाहिली नाही. ती भूक पाहून हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. तो संप हरतो. एक कोवळा मुलगा गोळीने मरतो. ज्या धाकट्या भावाने शिकावे म्हणून तो मुलगा धडपडत होता, तोच शेवटी गिरणीच्या फाटकातून आत जातो. आम्ही हे पाहिले तेव्हा आमचाही एक लढा नुकताच हरला होता. भाषणात आम्ही "हा पराभव नव्हे" असे म्हणत होतो. त्या फाटकातला तो पोरगा पाहिल्यावर ते वाक्य आमच्या तोंडून पुन्हा निघाले नाही. पराभव हा पराभव असतो. तो कबूल केला की मगच माणसे पुन्हा बैठकीला येतात, असा आमचा अनुभव आहे.

मराठीत याच वाटेवरचा चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. एका गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला म्हाताऱ्या शाहिराचे गाणे कारण झाले, असा खटला त्यात चालतो. शाहिराचे काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. ते चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. न्यायालयात ते उभे राहतात ते पुष्कळ वेळा उभे राहिलेल्या माणसासारखे. संताप नाही, घाई नाही. पण आमच्या मनात घर केले ते त्या मृत कामगाराच्या पत्नीने. ती साक्षीला येते आणि विचारले तेवढेच सांगते. पुढे वकील तिला मोटारीतून सोडताना पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. यात रडणे नाही की वाद्यांचा गलका नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या आयाबहिणी याच आवाजात बोलतात.

शेवटी त्या इटालियन चित्रपटाकडे येतो. व्हित्तोरिओ दे सीका यांचा 'बायसिकल थीव्ज', १९४८. कथा चार ओळींची. महायुद्धानंतरचे रोम. बेकार अंतोनियोला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल हवी. बायको अंगाखालच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. मग बाप आणि लहान मुलगा ब्रूनो शहरभर ती शोधतात.

आपल्या कामाची माहिती म्हणून सांगतो, अंतोनियो झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हता. तो रोममधल्या एका कारखान्याचा कामगार होता. या चित्रपटाला पैसा घालायला अमेरिकेतले एक मोठे निर्माते तयार होते, पण त्यांना नायक म्हणून कॅरी ग्रँट हवा होता. दे सीकांनी ते मान्य केले नाही. माज्जोरानीच्या खांद्यांकडे पाहिले की कारण समजते. चित्रपट जगभर गाजला, आणि हा गडी परत कारखान्यात कामावर गेला. पुढे कामगारकपात आली. हा तर चित्रपटात पैसे मिळवून बसला असेल, तेव्हा दुसऱ्या गरिबापेक्षा यालाच काढलेले बरे, असा विचार होऊन त्याची नोकरी गेली. मग तो गवंडीकाम करू लागला, अधूनमधून बारीकसारीक भूमिकाही करू लागला. १९८३ साली तो वारला. बेकाराचे काम करून जगाला रडवणारा माणूस त्याच कामापायी बेकार झाला. किमान वेतन चित्रपटातही आहे असे आम्ही सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

या चित्रपटात एक दृश्य आहे. सायकल गेल्यावर अंतोनियो रात्री एका तळघरात आपल्या मित्राला शोधत येतो. तेथे कामगारांची सभा चालू असते आणि वक्ता बेकारीवरच बोलत असतो. अंतोनियो दबक्या आवाजात मित्राची चौकशी करतो, तर त्याला गप्प बसवतात. १९९६ साली आम्ही हे पाहिले, पण ते आमच्या ध्यानातही राहिले नाही. २००३ साली एका कारखान्याच्या कंत्राटी कामगारांची सभा आम्ही घेत होतो. रंगात येऊन कंत्राटी पद्धतीवर बोलत होतो. दारात एक पोरगा जेवणाचा डबा हातात धरून उभा राहिला आणि "साहेब, जरा" म्हणाला. आम्ही म्हणालो, "बसा, प्रश्न शेवटी." सभा संपली तेव्हा तो नव्हता. त्या दिवशीच कंत्राटदाराने कोऱ्या कागदावर सही घेऊन त्याला काढले होते. आम्हाला कळले तेव्हा तो गावी निघून गेला होता. त्याला परत कामावर घेणे आमच्याने झाले नाही. पुढे चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना ते तळघर आले, आणि त्या वक्त्याच्या जागी आम्हाला आमचेच तोंड दिसले. तेव्हापासून आमच्या सभेत दारात कोणी उभे राहिले की भाषण थांबते. आमच्या काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही.

एक गोष्ट अजून उरली आहे. ती सांगावी की नाही याचा बराच विचार केला.

चित्रपटाच्या अखेरीस अंतोनियो हताश होऊन स्वतःच एक सायकल चोरतो आणि पकडला जातो. लोक त्याला घेरतात, त्याच्या तोंडात मारतात. हे सारे त्याचा मुलगा पाहतो. पोराकडे पाहून सायकलचा धनी तक्रार न करता सोडून देतो. ब्रूनो बापाची पडलेली टोपी उचलून झटकतो. मग दोघे गर्दीतून चालू लागतात. बापाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि पोरगा त्याचा हात धरतो.

१९८३ च्या पावसाळ्यात वडील आम्हाला बरोबर घेऊन बाजाराला गेले होते. संप लांबला होता, मुंबईचा पैसा बंद झाला होता. दुकानदाराने कणी आणि तेल बांधून ठेवले, मग मागची बाकी विचारली, आणि बांधलेल्या पुड्या चारचौघांसमोर सोडून पुन्हा डब्यांत ओतल्या. ज्या माणसाने मुंबईत आठ साचे चालवले त्याने त्या दुकानदाराला हात जोडले. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. आम्ही दुकानातून निघालो आणि घरापर्यंत वडिलांच्या वीस पावले पुढे चालत गेलो. जणू तो माणूस आमचा कोणी नव्हता. त्यांनी एकदाही हाक मारली नाही.

संग्रहालयातल्या अंधारात ब्रूनोने हात धरला तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही तो धरला नव्हता.

२००९ साली आम्ही हा चित्रपट आमच्या गावच्या शाळेत दाखवला. भिंतीला धोतर बांधले होते. आधी मराठीत कथा सांगितली, म्हणजे कोणाला अक्षरांमागे धावावे लागू नये. वडील मागे पोत्यावर बसले होते. खेळ संपला. कोणी चोराला नावे ठेवली, कोणी पोलिसांना. वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "पोराला संगं न्यायाचंच नव्हतं त्यानं." आम्ही काय बोलणार? घराकडे निघालो तेव्हा वाटेवर अंधार होता. आम्ही त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "मला दिसतंय रं." पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही. २०१४ साली ते गेले.

मंडळी, परदेशी चित्रपट म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांचा विषय, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खोटी आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांचे एक खेडे आहे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'निनासम' या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात गावकऱ्यांना जगातले नामांकित चित्रपट दाखवले. गावकऱ्यांना ते समजले आणि आवडले. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूला जे जमले ते भोर-वेल्ह्याला का जमू नये? पोते खरे की खोटे हे ज्यांना एका नजरेत कळते, त्यांना खरा नट आणि खोटा नट ओळखायला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणून एक सूचना करून थांबतो. महिन्यातून एकदा, एका खेपेस भोरला आणि एका खेपेस वेल्ह्याला, एक चित्रपट दाखवावा. आमच्या संघटनेचे यंत्र आणि पडदा आम्ही देऊ. तिकीट नको. आधी कोणी तरी मराठीत कथा सांगावी आणि नंतर अर्धा तास बोलणे व्हावे. बोलण्याचा पहिला मान मागे बसलेल्यांना द्यावा. ज्यांना ही सूचना पटली त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या रांगेतल्या आमच्या सोबत्यांनाही झोप लागलेली दिसत नाही.